बोडीटोल्याची सात दारे

"तर मग, पहिली उलटी कोणाला झाली?"

प्रणितने हा प्रश्न विचारताच समाजमंदिराच्या ओसरीवर बसलेली बारा माणसे इकडेतिकडे पाहू लागली. कोणी मळता मळता तंबाखू तशीच तळव्यावर ठेवली होती. समोरच्या तलावावरून एक खंड्या उडाला, तोही जणू काही ठाऊक असून सांगायचे नसल्यासारखा.

प्रणित किशोरांसाठी पुस्तक लिहीत होता : वैद्यकाच्या इतिहासातली खरीखुरी कोडी. पटकी, देवी, खलाशांच्या हिरड्या सडवणारा आजार, सारे लिहून झाले होते. शेवटचे प्रकरण मात्र त्याला इथल्या मातीतले हवे होते. चंद्रपुरात एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या रद्दीत त्याला जुनी नोंदवही सापडली : 'एप्रिल १९७६, बोडीटोला. सत्तावन्न घरांपैकी सात घरी एका रात्रीत उलट्या-जुलाब. सर्व बरे. कारण अज्ञात.' त्या शेवटच्या दोन शब्दांनी त्याची झोप पोखरली होती. उरलेली पन्नास घरे कशी वाचली? सोमवारपर्यंत उत्तर मिळाले नाही, तर प्रकाशक ते प्रकरणच गाळणार होता.

अखेर म्हातारा मुखरू खाकरला. पंचाहत्तरी ओलांडली तरी तो रोज तलावात जाळे टाकी.

"लिवा जी. सात घरं मी सांगतो." त्याने धडाधड सात नावे सांगितली.

"आणि तुमच्या घरी, बाबाजी?"

"आमच्या घरी कोणालेच नाई."

"त्या दिवशी काही वेगळं घडलं होतं?"

"गरमी होती. हवा खराब होती," मुखरू म्हणाला आणि जाळ्याची गाठ सोडवू लागला.

लंडनच्या एका डॉक्टरने पटकीचे बळी नकाशावर मांडले आणि साथ पसरवणारा पाण्याचा पंप शोधला, हे प्रणितला तोंडपाठ होते. आपणही तेच करावे, असे त्याच्या अस्वस्थ मनाने घेतले. त्याने त्या सात घरांच्या दारांवर गेरूचे ठसठशीत गोल काढले. सकाळच्या उजेडात तलावाच्या पाळीवरून, त्या उंच बांधावरून, फोटो काढायचा होता.

"सर, आधी लोकायले सांगून तं द्या," गावची आशा आरोग्य कार्यकर्ती कुंता म्हणाली. "इथी दारावर रेघ ओढली का लोकं दहा अर्थ काढतेत."

"ताई, एका फोटोचा तर प्रश्न आहे."

सकाळी पाहतो तो सातही अंगणांत गाद्या, धानाच्या कोठ्या, भांडीकुंडी आणि एक खाटेवरची आजी. "फवारणी कवा येते जी?" आजीने विचारले. मलेरियावाले दारावर खूण करतात, एवढे तिला पक्के माहीत होते.

प्रणित समजावू लागला तोच शेजारची चंदा पदर खोचून आडवी आली.

"सातच घरी फवारणी करतेत का कधी? हे घरकुलाची यादी होय! काऊन जी सर, आमचं घर दिसलं नाई तुमाले?"

"घरकुल नाही हो, बाई. शहात्तर साली ज्या घरी उलट्या झाल्या, त्यांनाच ही खूण."

हे त्याने बोलायला नको होते. पात्रतेची अट गावाला कळली. दुपारपर्यंत गावातल्या सगळ्याच दारांवर गेरू चढला. काहींवर दोन गोल होते, आजा आणि आजी मिळून. एका गोठ्यालाही होता. साथी पसरतात हे प्रणितला ठाऊक होते. पण पन्नास वर्षांनी, दोन तासांत पसरलेली साथ तो प्रथमच पाहत होता.

संध्याकाळी तो पुन्हा ओसरीवर उभा राहिला.

"हात जोडतो. खोट्या खुणा पुसा. माझं प्रकरण बुडतंय."

"आमची खोटी?" चंदा उसळली. "माह्या सासऱ्याले दहा डाव पाळीकडं पळा लागलं त्या राती!"

"तुह्या सासऱ्याले कायले होईन?" पोचू नावाचा म्हातारा कोपऱ्यातून हसला. "त्याले आवतनच नोतं!"

"होतं! आमाले बी आवतन होतं!"

"नोतं, बाई. सातच घरायले होतं."

चंदाचा चेहरा पडला. ज्या पंगतीला बोलावले नव्हते, तिथल्या उलट्यांवर हक्क सांगताना घराण्याचा अर्ध्या शतकाचा अपमान चव्हाट्यावर आला होता. प्रणित मात्र कोपऱ्याकडे वळला.

"कशाचं आवतन, पोचूभाऊ?"

"बुधरीच्या लग्नाचं जी. मासोळीचा रस्सा अन् भात. आदल्या दिवशीची मासोळी, पण रस्सा असा झाला होता का रांधणाऱ्याले चाखाले बी उरला नाई!"

नोंदवहीतले ते दोन शब्द प्रणितच्या डोळ्यांसमोर विरघळू लागले. त्याने वहीचे कोरे पान उघडले.

"आणि रांधलं कोणी होतं?"

एकेक करून सगळ्या माना खांबाशी जाळे सोडवत बसलेल्या मुखरूकडे वळल्या.

"बाबाजी," कुंता हळूच म्हणाली, "सर तुमाले विचारून राह्यले."

मुखरूने अर्धवट सोडवलेले जाळे गोळा केले, खांद्यावर टाकले, चपला हातात घेतल्या आणि वयाला न शोभणाऱ्या वेगाने तो पाळीकडे चालू लागला.