विद्वांसकाका आणि व्हिएन्नाचा पाळणा

विद्वांसकाका आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्ची उलटी केली. घडीची लोखंडी खुर्ची होती. खिशातून घराची किल्ली काढली, प्रत्येक बोल्टवर टकटक केली, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "तिसरा ढिला आहे." मी पानं वाढत होते. तिसरा खरंच ढिला निघाला, याचा मला जास्त राग आला.

काका शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आमच्यापासून तीन घरं सोडून राहायचे. सगळी नोकरी पूल तपासण्यात गेली. रिटायर झाल्यावर पूल राहिले नाहीत, म्हणून मग बागेतले झोके, लोकांच्या घरामागचे लाकडी डेक, गणपतीत शाळेच्या हॉलमध्ये बांधलेलं स्टेज. एकदा आरती चालू असताना ते स्टेजखाली होते. वर टाळ्या, खाली टकटक. "लोखंड खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणसांबद्दल त्यांनी असं कधी म्हटल्याचं आठवत नाही. आमची मुलं त्यांना 'की-अंकल' म्हणायची.

२००२ साली आम्ही सगळे शिकागोच्या धक्क्यावरच्या मोठ्या आकाशपाळण्यात बसायला गेलो. काकांनी किल्ली काढली. अकरा सप्टेंबरनंतरचे ते दिवस कसे होते ते सांगायला नको. गव्हाळ रंगाचा माणूस एवढ्या मोठ्या सांगाड्याला कान लावून उभा. दोन मिनिटांत गार्ड आला. "सर, प्लीज स्टेप अवे." काका त्याला म्हणाले, "वन मिनिट, आय ॲम लिसनिंग." पुढचा पाऊण तास आम्ही सगळे एका ऑफिसात बसून होतो. पाळणा बंद व्हायची वेळ झाली.

गाडीत काकू म्हणाल्या, "शैला, तुझा एक पाळणा बुडाला. माझा दुसरा."

पहिला व्हिएन्नाचा. काकूंनी ती गोष्ट प्रत्येक पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सांगितली असेल. लग्न होऊन नुकतेच अमेरिकेला निघाले होते. विमान कंपनीने वाटेत व्हिएन्नाला एक दिवस थांबवलं. तिथे तो जुना, प्रसिद्ध आकाशपाळणा. भलंमोठं लोखंडी चाक, आणि चाकाला आगगाडीच्या डब्यांसारख्या लाल खोल्या. काकूंना बसायचं होतं. काका म्हणाले, आधी बघून घेतो. ते बघत राहिले, आणि विमानाची वेळ झाली. "यांनी मला व्हिएन्नाला नेलं आणि पाळण्याचे बोल्ट दाखवून परत आणलं," असं म्हणून काकू हसायच्या. काकाही हसायचे. "पुढच्या खेपेला," म्हणायचे. पुढे पस्तीस वर्षं इंडियाला जाताना लंडन नाहीतर फ्रँकफर्ट, कारण मुलांच्या सुट्ट्या आणि बॅगा.

२००४च्या थंडीत काकू गेल्या.

दोन वर्षांनी भाच्याच्या लग्नाला मी पुण्याला निघाले, तेव्हा काकांच्या मुलाचा फोन आला. "मावशी, डॅड त्याच आठवड्यात जातायत. कॅन यू कीप ॲन आय?" मी हो म्हटलं आणि दोघांची तिकिटं काढायचं काम काकांकडे दिलं. ही माझी चूक. हातात तिकीट आलं तर व्हिएन्नाला नऊ तास थांबायचं.

"काका, मुंबईला याहून लवकर पोचता येतं."

"येतं," ते म्हणाले.

मी भांडले नाही. फक्त विमानातच बजावलं, "दोन वाजता परत विमानतळावर. बोल्ट वाजवत बसलात तर मी ओढून आणीन."

त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. ट्रेनमधून उतरून पाळण्यापर्यंत यायला आम्हाला साध्या माणसांच्या दुप्पट वेळ लागला. मग ते खाली उभे राहून वर बघत राहिले. पाच मिनिटं. दहा. त्यांचा हात खिशात गेला. मी घड्याळाकडे पाहिलं.

"काका, वाजवा एकदाचं आणि चला. नाहीतर परत राहील."

"हो, राहील," ते म्हणाले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि सरळ रांगेत जाऊन उभे राहिले.

आमची लाल खोली संथ वर निघाली. थांबली. पुन्हा निघाली. अगदी वर गेल्यावर पायाखाली काहीतरी कर्रर्र वाजलं. माझा हात आपोआप दांडीवर गेला. मी काकांकडे पाहिलं. म्हटलं, आता हे गुडघ्यांवर बसून कान लावणार.

"काका, आवाज आला."

"येऊ दे," ते म्हणाले. खिडकीशी उभे होते. खिडकी चांगली दोन माणसं मावतील अशी होती. ते एका कडेला सरकून उभे होते. खूप लांबपर्यंत छपरं दिसत होती. मी मधल्या बाकावर बसून राहिले. त्या कडेला जाऊन उभं राहायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी गेले नसते.

विमान वेळेवर मिळालं.

परत आल्यावर आमच्याकडे पॉटलक होतं. काका आले, घडीची खुर्ची उलटी न करता तिच्यावर बसले. कुणीतरी मोठ्याने विचारलं, "काय काका, मग? कसे होते व्हिएन्नाचे बोल्ट?"

"बघायचे राहिले," काका म्हणाले.

सगळे हसले. मी आमटी गरम करायला आत गेले.