नमुन्याचा कोंबडा

आपण काय खातो याची चौकशी करणे हे सुसंस्कृत माणसाचे लक्षण आहे. चौकशी जेवणाआधी करावी की नंतर, याबद्दल मतभेद असतील. पण ती करावी, याबद्दल नाहीत. आरे-वारेच्या रस्त्यावरून आमच्या गावात उतरणारा प्रत्येक पाहुणा गाडीचे दार लावण्याआधी विचारतो, "कोंबडी गावठी आहे ना?" पिंजरा, इंजेक्शने, औषधे आणि कोंबडीचे मानसिक स्वास्थ्य हे उपप्रश्न त्यातच येतात. (मानसिक स्वास्थ्याचा प्रश्न आजवर फक्त पुण्याच्या पाहुण्यांनी विचारला आहे.)

गावात पूर्वी गावठी कोंबड्या होत्या. मग राजेंद्रने चिऱ्याच्या नव्या घरात चार खोल्या काढून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. त्याचे बघून आणखी सहा घरांनी पाट्या लावल्या, आणि पहिल्याच मे महिन्यात गावठी कोंबडीला केवढी मागणी आहे हे निर्विवाद सिद्ध झाले. ज्या आठवड्यात ते सिद्ध झाले त्याच आठवड्यात कोंबड्या संपल्या. गावठी कोंबडी वाढायला सहा-आठ महिने घेते. पाहुणा शनिवारी येतो आणि रविवारी जातो. या दोन जीवनचक्रांचा मेळ घालणे निसर्गाला जमलेले नाही.

ते मांस-उगम पारदर्शकता समितीला जमले. अध्यक्ष राजेंद्र. मी प्राणिशास्त्र शिकलेली, म्हणून तांत्रिक सल्लागार. समितीने प्रथम गावाची पाहणी केली. निष्कर्ष पुढीलप्रमाणे: गावठी कोंबड्या - शून्य; गावठी कोंबडे - एक. रंग तांबडा, शेपूट काळसर हिरवी, स्वभाव भांडखोर. मालक कमलाबाई, राजेंद्रच्या शेजारीण, घरात एकट्या. तो त्यांनी मे महिन्यात का विकला नाही, असे समितीने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "घरात बोलणारा तेवढाच हाय."

हजार वस्तू तपासायच्या असल्या तर शास्त्रज्ञ हजार वस्तू तपासत बसत नाहीत, नमुना घेतात. समितीने तेच केले. पाहुण्याने विचारले की राजेंद्रने हाक मारायची. कमलाबाईंनी डालग्याखालून कोंबडा काढून राजेंद्रच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, सोडायचा. पाहुण्याने तो मोकळा फिरतो याची खात्री करावी, फोटो काढावा, मुलांना दाखवावा. मग कोंबडा आत न्यायचा. (आत म्हणजे मागच्या दाराने परत कमलाबाईंकडे.) शिजणारी कोंबडी सागरच्या दुकानातून येते आणि सागरकडे ती घाटावरून टेम्पोने येते. सागरच्या कोंबड्या पांढऱ्या असतात. त्या चाळीसेक दिवसांत विक्रीला तयार होतात. वजन पायांच्या आधी वाढते, त्यामुळे त्यांना नीट चालता येत नाही. रश्श्यात चालावे लागत नाही.

यात फसवणूक कुठेही नाही. पाहुणा बोट दाखवून विचारतो, "हा गावठी आहे?" आणि तो ज्याच्याकडे बोट दाखवतो तो गावठीच आहे.

दोन हंगामांत हा कोंबडा तीनशे बारा वेळा खाल्ला गेला. सत्त्याण्णव टक्के पाहुण्यांनी "चवीत फरक लगेच कळतो" असा अभिप्राय दिला. उरलेले तीन टक्के शाकाहारी होते. (त्यांनाही वासावरून कळले होते.)

अशा सुरळीत व्यवस्थेत नम्रता नावाची पाहुणी आली. ती जबाबदार मांसाहार या विषयावर फोनच्या कॅमेऱ्यापुढे बोलते आणि हजारो लोक ते ऐकतात. तिने कोंबडा बघितला, मान्य केला आणि कोंबडा आत निघाल्यावर त्याच्यामागून चालू लागली.

"मॅडम, तुमी बसा ना. सरबत आणतो," राजेंद्र म्हणाला.

"नाही दादा, मला पूर्ण प्रवास बघायचाय. अंगणापासून ताटापर्यंत. मी जे खाते त्याच्या डोळ्यांत बघायची माझी तयारी हवी."

"मागं चिखल हाय."

"चालेल."

"रक्त असतं, मॅडम."

"असायलाच हवं."

समितीची तातडीची बैठक न्हाणीघराच्या मागे भरली. उपस्थिती पूर्ण होती. कोंबडा कमलाबाईंच्या काखेत होता.

"काकी, आज इलाज नाय," राजेंद्र म्हणाला. "एकदाच." (कोंबड्याच्या दृष्टीने हा आकडा अचूक होता.) "ती फोनवर काय बोलली तर सगळ्या गावाचा धंदा बसंल."

"धंदा बसला तर उठंल परत. ह्यो उठंल काय, मेल्या?"

"मी तुमाला दुसरा आणून देतो."

"तीनशे येळा कापलास ना ह्याला? मग आज पण तसाच काप."

तांत्रिक सल्लागाराचे मत विचारले गेले. नमुना नष्ट केल्यास पुढील तपासण्या अशक्य होतील, असे मी सांगितले. राजेंद्र म्हणाला, "बाई, पुढल्या तपासण्या व्हायच्या तर आजची पार पडाय हवी." यात तर्कदोष नव्हता. तो सुरी आणायला आत गेला.

कमलाबाई कोंबडा घेऊन पुढे आल्या आणि नम्रतासमोर उभ्या राहिल्या. "बायो, तू बघणार ना? मग नुसती बघत काय उभी ऱ्हातेस? धर. पाय असे धर. पंख हाताखाली. सुटला तर डोळा फोडील."

नम्रताने फोन कुंपणाच्या दगडी गडग्यावर ठेवला आणि कोंबडा धरला. छातीशी धरलेला कोंबडा शांत होतो, हाही झाला. त्याचे हृदय मिनिटाला अडीचशेहून अधिक ठोके देते आणि ते तळहाताला लागते. पापणी खालून वर मिटते. त्याने ती दोनदा मिटली.

"गरम आहे हा," ती म्हणाली.

"जिता हाय तर गरम असणारच," कमलाबाई म्हणाल्या.

राजेंद्र सुरी घेऊन दारात आला. नम्रता सुरीकडे न बघता त्याला म्हणाली, "दादा, दुसरा नाही का?"

"दुसरा म्हंजे?"

"म्हणजे असाच. गावठीच. मोकळा फिरलेला. पण मी न बघितलेला."

राजेंद्रने सुरी मागच्या मागे चौकटीत खोचली. "हाय की मॅडम. भरपूर."

कमलाबाईंनी तिच्या हातातून कोंबडा काढून घेतला आणि निरोप न घेता घर गाठले. दुपारी नम्रताने पाच वडे खाल्ले, रस्सा दोनदा घेतला आणि कॅमेऱ्यापुढे सांगितले की, ज्या जिवाच्या डोळ्यांत आपण बघितलेले असते त्याची चवच वेगळी लागते. पुढच्या शनिवारी गावात एकही खोली रिकामी नव्हती.

समितीने प्रक्रियेत तात्काळ सुधारणा केली. आता प्रत्येक पाहुण्याने कोंबडा स्वतः धरायचा असतो आणि राजेंद्र सुरी घेऊन दारात उभा राहतो. आजवर चारशेहून अधिक पाहुण्यांनी तो धरला. सर्वांनी दुसरा मागितला. कमलाबाई आता निर्धास्त झोपतात आणि कोंबड्याला पाहुण्यांचे लाड इतके अंगी लागले आहेत की गडग्यावर चढताना त्याला दम लागतो.

तो वाचला हे कळून तुम्हालाही बरे वाटले असेल. राजेंद्र सुरी आणायला गेला तेव्हा तुमचा जीव थोडा खालीवर झाला असला, तर समिती ती आपल्या पद्धतीची आणखी एक यशस्वी चाचणी समजते. त्या दुपारी गावातल्या सात घरांत मिळून सागरच्या बावीस कोंबड्या शिजल्या. त्यांच्याबद्दल तुम्ही काही विचारले नाहीत. पाहुणेही विचारत नाहीत, त्यामुळे तो विषय समितीपुढे अजून आलेला नाही.