कारा-तोर चौकीच्या टंचाईची खातरजमा

कारा-तोर चौकीला हिवाळ्याचा कोळसा सप्टेंबरअखेर मिळावा, असा नियम आहे. ऑक्टोबर संपत आला, खिंडीत गुडघाभर बर्फ साचला, तरी कोळसा आला नव्हता. म्हणजे नियम पाळायचा राहिला होता, मोडला नव्हता. सैन्यात या दोहोंत फार अंतर मानतात. चौकीत अकरा शिपाई होते आणि कोठीत गेल्या वर्षीच्या कोळशाची चार पोती. कोठीप्रमुख सार्जंट एसेनकुलने रीतसर मागणी पाठवली. ती खोऱ्यातल्या रसद प्रशिक्षण शाळेकडे गेली, कारण टंचाई खरी की बनावट हे ठरवण्याचं शास्त्र तिथेच शिकवतात.

खातरजमेसाठी मेजर कालमुर्झा सहा प्रशिक्षणार्थी घेऊन वर आले. आता दारी आलेल्या पाहुण्याला गारठ्यात बसवलं, असं एसेनकुलच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. त्यानं मेंढा कापला. चारही पोती शेगडीत रिकामी केली. मेंढ्याचं डोकं, सगळ्यात मानाचा वाटा, मेजरसाहेबांपुढे ठेवलं आणि बाकीचे तुकडे ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे, मानाप्रमाणे वाटले.

"दादा, हे काय चालवलंय?" आचारी झाकिप त्याच्या कानाशी लागला. "उद्या काय जाळायचं? तुमच्या मिशा?"

"गप बस. पाहुणे जाऊ देत, मग बघू."

मेजरसाहेबांनी घाम पुसत अहवाल लिहिला : खोलीचं तापमान चोवीस अंश. टंचाई आढळून आली नाही.

एसेनकुलनं कपाळ बडवून घेतलं आणि फेरतपासणीचा अर्ज केला. तो मंजूर व्हायला तीन आठवडे लागले. तोवर चौकीनं खाटा जाळल्या, फळ्या जाळल्या, न्हाणीघराचं दारही जाळलं. झाकिपच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली. तो अजूनही विनोद करत होता, पण बसूनच.

दुसऱ्या खेपेला एसेनकुलनं मन घट्ट केलं. शेगडी पेटली नाही, मेंढा कापला नाही. पाहुण्यांकडे मान वर करून बघायचीही त्याला लाज वाटत होती.

"काय सार्जंट, आज आमच्यावर राग दिसतो?" कोटाच्या कॉलरमध्ये नाक खुपसून मेजरांनी विचारलं.

"राग कसला साहेब? कोळसाच नाही. हा बघा तापमापक, उणे नऊ."

"दिसतंय हो. पण तपासणी बसण्याजोग्या खोलीतच ग्राह्य धरतात. ही खोली बसण्याजोगी नाही."

"मग काय करू?"

"शेगडी पेटवा."

"आणि पेटवली तर?"

"तर टंचाई नाही."

बोलता बोलता मेजरसाहेब थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. वीस वर्षं शिकवत होते, पण इतकी निर्दोष टंचाई त्यांनी पाहिली नव्हती. आठवड्याभरात हुकूम निघाला : कारा-तोर चौकी 'आदर्श टंचाई' म्हणून अभ्यासक्रमात घेण्यात येत आहे. अभ्यासाचा विषय जसाच्या तसा राहावा यासाठी सत्र संपेपर्यंत, म्हणजे एप्रिलअखेरपर्यंत, तेथे कोळसा पोहोचवू नये. व्याख्यानासाठी सार्जंट एसेनकुल यांस पाचारण करावे.

निदान समोरासमोर मागितला तर कोळसा मिळेल, या एकाच आशेनं एसेनकुल खाली उतरला. वर्ग इतका उबदार होता, की खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. बाहेर अंगणात कोळशाचा ढीग छपरापर्यंत पोहोचला होता. तो सरावासाठी होता, प्रशिक्षणार्थी रोज सकाळी तो मोजत.

एसेनकुलनं काही लपवलं नाही. खाटा सांगितल्या, झाकिपची बोटं सांगितली, अकरा पोरं एकाच ढिगात झोपतात तेही सांगितलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "मरतील हो पोरं. दोन ट्रक द्या. मीच चालवत नेतो."

वर्गातल्या दोघांनी डोळे पुसले. एकानं हात वर केला. "सर, दोन ट्रक हे उत्तर आहे की प्रश्नाचाच भाग?"

"प्रश्नाचा भाग," मेजर म्हणाले.

परिस्थिती अत्यंत लाजिरवाणी आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि ते वहीत उतरवून घेण्यात आलं. मग जेवणाची घंटा झाली. तुम्हीही इथवर मन लावून वाचलंत, मध्ये हसलात, शेवटी हळहळलात. हजेरीपटावर सही करा आणि जेवून घ्या. कारा-तोरला आज उणे तेवीस आहे.