बूट ऑर्डरचा मान

संगणकाचं म्हणाल तर आगरदांड्यापासून काशीदपर्यंत माझ्या तोडीचा माणूस नाही! हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. म्हणजे म्हणायचे.

आमच्या गावाला दोन मंडळं आहेत. एक गावात राहणाऱ्यांचं आणि दुसरं मुंबईत राहून गाव चालवणाऱ्यांचं. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर कोणाचं नाव वर छापायचं, यावर यांची हयात गेली. मागच्या जयंतीला क्रम ठरेना, म्हणून शेवटी मी नावं गोलात छापून आणली. तरी भांडण झालंच! घड्याळात जिथे बारा असतात तिथे कोणाचं नाव आलं, यावरून!

तर मुंबई मंडळाने गावातल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेला एक संगणक दिला. त्यात विंडोज होतं, पण इतकं मंद की बटण दाबून घरी जाऊन चहा पिऊन यावं. मी म्हटलं, लिनक्स टाकतो, फुकटातली हलकी सिस्टिम, विमानासारखा पळेल! विंडोज मात्र राहू दिलं. मुंबईकरांची वस्तू काढली असती तर त्यांनी मला गावात राहू दिलं नसतं.

आता एका मशीनमध्ये दोन सिस्टिम असल्या की बटण दाबल्यावर आधी कोणती उठणार, हे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये ठरवतात. त्याला बूट ऑर्डर म्हणतात. तिथे आपल्या पसंतीची नावंही देता येतात. मी लिनक्सवरून एक आज्ञा ठोकली आणि विंडोजचं नाव ठेवलं 'मुंबई', लिनक्सचं 'गाव'. काय दुर्बुद्धी सुचली हो!

हे सगळं चाललं होतं माझ्या पुतणीसाठी, प्रणालीसाठी. रविवारी सकाळी तिची नोकरीची ऑनलाइन परीक्षा होती. मोबाइलवर चालत नाही, संगणकच लागतो. माझा लॅपटॉप कचेरीचा, तो घरी आणायची सोय नाही. पोरगी वर्षभर अभ्यासिकेत बसून घासत होती.

"काका, मला दोन्हीतलं कुठलं पण चालेल," ती म्हणाली. "फक्त चालू होऊ दे."

"अगं, मी असताना काळजी कसली!"

गाव मंडळाचे अध्यक्ष कृष्णाजी आबा बघायला आले. मी फुशारकीने त्या सेटिंगचा निळा पडदा उघडून दाखवला. आबांनी चष्मा पुसला.

"प्रितम, मुंबई वर कशी?"

"आबा, ही नुसती कोण आधी चालू होतं त्याची यादी आहे."

"मंग तेच इचारतोय! आधी मुंबई का?"

मी निमूटपणे एक बटण दाबलं. गाव वर, मुंबई खाली. आबांनी त्याचा फोटो काढला आणि दोन्ही मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला! वर तीन फुलं आणि एक मूठ!

लगेच मुंबई मंडळाच्या चिटणिसाचा, संघर्षचा फोन. "प्रितमदादा, ये क्या चल रहा है? कॉम्प्युटर दिला कोणी?"

"तुम्हीच."

"मग आमचं नाव खाली कसं?"

मी मुंबई वर केली. संध्याकाळी आबा घरी हजर. मी गाव वर केलं. मग पुन्हा फोन! शेवटी वैतागून मी दोघांनाही शिकवून टाकलं, कुठलं बटण दाबून आत जायचं आणि क्रम कसा बदलायचा. म्हटलं, बसा वर-खाली करत! जी माणसं टीव्हीचा रिमोट उलटा धरतात, ती दोन दिवसांत बूट ऑर्डरमध्ये तरबेज झाली. मान मिळणार असला की आमची माणसं काहीही शिकतात.

शनिवारी संघर्ष स्वतः लाँचने मांडव्याला उतरून गावात आला. मुंबई वर केली, सेटिंगला पासवर्ड घातला आणि परत गेला.

रविवारी सकाळी प्रणाली नवा ड्रेस घालून आली. सोबत तिची आई, माझी कमळावहिनी. मशीन चालू केलं. 'मुंबई' असं नाव आलं आणि विंडोज रांगत का होईना, उठलं.

"चालू झालं, काका! मी बसते."

तेवढ्यात आबा आले. "गावची पोर, गावचा विहार, आन वर नाव मुंबईचं? न्हाय चालायचं!"

"आबा, पासवर्ड लागलाय. संघर्षचा फोन बंद आहे."

"म्हंजी तुला येत न्हाय."

बस्स! हे चार शब्द मला सहन होत नाहीत. "येत नाही? बोर्डावरचा सेल काढला की पासवर्ड उडतो! दोन मिनिटांचं काम!"

"काका, नको ना," प्रणाली म्हणाली. "आता चालू आहे तर राहू दे."

"भावजी, हात नका लावू," वहिनी म्हणाली.

मी हात लावला.

पासवर्ड उडाला. त्याबरोबर गाव उडालं, मुंबई उडाली, डिस्कची सेटिंग बदलली आणि मशीनचं घड्याळ कुठल्या कुठे मागे गेलं. काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आली. चालू करण्याजोगं काहीच सापडलं नाही, अशा अर्थाची! जे येत होतं तेही आठवेना. मुरूडचं सायबर कॅफे रविवारी बंद. प्रणाली आधी घड्याळाकडे बघत होती, मग बघायची थांबली.

परीक्षेची वेळ टळल्यावर संघर्षचा फोन लागला. "पासवर्ड? 'एकजूट' ठेवलाय ना, दादा!"

प्रणालीने पिशवी उचलली आणि ती घरी गेली. रडली असती तर बरं वाटलं असतं मला. आता ती काशीदला एका हॉटेलात पाहुण्यांना खोल्यांच्या चाव्या देते.

पुढे मी मशीन दुरुस्त करायला गेलो, तर आबांनी अडवलं. "ऱ्हाऊ दे, प्रितम. आता पडद्यावर गाव बी न्हाय न मुंबई बी न्हाय. भांडान मिटलंय." संघर्षचंही तेच मत! इतक्या वर्षांत दोन्ही मंडळांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि भांडण मिटवल्याबद्दल त्यांनी मिळून माझा सत्कार ठरवला. शाल, पुष्पगुच्छ, सगळं!

पत्रिका घरी आली ती प्रणालीच्या हातात पडली. त्या रविवारनंतर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"काका, तुमचं नाव सगळ्यात शेवटी आहे."

मी पत्रिका हिसकावून घेतली. खरंच की! मंडपवाल्याच्याही खाली! ज्याचा सत्कार, तोच तळाला! माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे मी फोन लावला.

"आबा, मंडपवाला माझ्या वर कसा?"

प्रणाली समोरच उभी होती, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.