शेषरावांचा तरोटा

"बाबा, त्या बागेतला पाला खुडून आणू नका हो. लोक म्हणतील, सून जेवायला घालत नाही," सुवर्णाने सासऱ्यांना बजावलं.

शेषरावांनी मान डोलावली. उंद्रीचं शेत धाकट्याच्या हवाली करून ते आणि कौशल्याबाई बुलढाण्याला थोरल्याच्या फ्लॅटवर राहायला आले होते. इथं सगळं होतं, फक्त ताटात तरोटा नव्हता. पावसाळा लागला की गावी बांधावर उगवणारी ही रानभाजी बाजारात दिसेना, आणि कॉलनीच्या बागेत मात्र बाकड्याखाली, घसरगुंडीमागे कोवळी कोवळी माजली होती. लोक चपला घालून तिच्यावरून चालत. शेषरावांना ते बघवेना.

"सुनेले कायले सांगता?" कौशल्याबाई हळूच म्हणाल्या. "ती हापिसात गेली का भाजी टाकू, ती यायच्या आत भांडे घासून ठेवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषराव पिशवी घेऊन बागेत शिरले. कुणी आलं की पायाचे अंगठे धरून व्यायाम करायचा आणि अंगठ्याजवळचे शेंडे खुडायचे, असा त्यांचा बेत. पिशवी भरत आली तोच मागून आवाज आला.

"काका, काय करून राह्यले?"

बाग समितीचा तरुण सचिव प्रसेनजित उभा होता.

"काई नाई बापा," शेषराव गडबडले. "तण काढून राह्यलो."

प्रसेनजितला भरून आलं. "आम्ही नुसत्या मीटिंगा घेऊन राह्यलो, अन् तुम्ही एकटे राबता! आणा ती पिशवी, खताच्या खड्ड्यात मी टाकतो."

शेषराव रिकाम्या हातानं घरी आले.

"भाजी?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"खड्ड्यात गेली."

"अवो, चिडता काऊन? भाजी कुठी हाय?"

"खरंच खड्ड्यात गेली वं!"

पुढच्या सकाळी प्रसेनजित खुरपं घेऊन त्यांची वाटच बघत होता. शेषरावांना वाफेच्या वाफे निंदावे लागले. मूठभर शेंडे त्यांनी खिशात कोंबले, तर "काका, खिसे कायले खराब करता?" म्हणत त्यानं तेही काढून खड्ड्यात टाकले. वर फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. तो बघून सुवर्णा म्हणाली, "बाबा, मला केवढा अभिमान वाटला!" आता खरं सांगायची सोयच उरली नाही.

रविवारी बागेत सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. प्रसेनजित जोशात आला. "काकांना या तणाची इतकी चीड आहे, की उद्या आपण सगळ्या बागेत औषध मारणार आहोत!"

कौशल्याबाई खुर्चीवरून ताडकन उठल्या.

"औषध? ओ भाऊ, थे तण नाई, तरोटा हाय! अन् आमच्या माणसाले त्याची चीड नाई, भूक हाय!"

सुवर्णानं कपाळाला हात लावला. शेषराव शालीत तोंड लपवायला लागले. तेवढ्यात शेजारची मंजुश्री पुढे आली.

"तरोटा? आपल्या बागेत? माहेर सुटल्यापासून खाल्ला नाही हो!"

प्रसेनजितचा चेहरा पडला. "कांदा-लसूण घालून करतात, थोच का? अन् मी एवढा खड्ड्यात टाकला?"

औषध राहिलंच. दुसऱ्या दिवशी शेषराव बागेत गेले, तर सगळी कॉलनी पिशव्या घेऊन ओणवी झालेली. त्यांच्या वाट्याला एक शेंडाही आला नाही.

संध्याकाळी मात्र दाराची बेल थांबेना. कुणी वाटीत, कुणी डब्यात तरोट्याची भाजी आणून देत होतं. सुवर्णानं स्वतः ताटं मांडली, कौशल्याबाईंनी ज्वारीच्या गरम भाकरी थापल्या. शेषरावांनी मंजुश्रीच्या डब्यातला पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले.

"वा! असा तरोटा जन्मात खाल्ला नाई!"

डोळे उघडले, तेव्हा सुवर्णा ताटात बघून हसू दाबत होती. आणि कौशल्याबाईंनी भाकरीची टोपली आपल्याकडे ओढून घेतली होती.

"मंग भाकर बी तिच्याच घरून आणा."