साळोजींनी नापास केलेला हिरा

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा समित्या जास्त होत्या. हिरे पारखायच्या समितीचे अध्यक्ष होते साळोजी साळिंदर. ते डोळ्याला भिंग लावायचे, नाक मुरडायचे आणि शिक्का मारायचे. याला विद्वत्ता म्हणतात. मीही बरीच वर्षं तेवढ्यावरच भागवलं.

एकदा मंजुळा टिटवी एक हिरा घेऊन आली.

"गुलाबी झाक आहे. नापास!" साळोजी म्हणाले.

"अहो काका, झाक का आहे ते तरी ऐका. आत कार्बनच्या गर्दीत नायट्रोजनचा एखादा परका अणू बसलाय, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. हिरवा उजेड टाकला की ही जोडी लाल चमकते. जवळपास जरासं चुंबकत्व हललं तरी ती चमक बदलते. धडधडणाऱ्या काळजालाही तेवढं चुंबकत्व असतं!"

"दोष तो दोष," म्हणत साळोजींनी शिक्का हाणला.

त्याच आठवड्यात साळोजींच्या व्याख्यानाला बसलेले धोंडोपंत कासव कवचात शिरले, ते नऊ दिवस बाहेरच येईनात. हाका मारून झाल्या, हलवून झालं. कवचाला कान लावला, तर काही ऐकू येईना. अंत्यविधी समितीने खड्डा खणला.

त्यांची बायको गोदाक्का खड्ड्यात जाऊन बसली. "आमचे हे जिते आहेत! त्यांना पुरायचं तर आधी मला पुरा!"

साळोजींच्या मनात आलं, आपली अब्रू गेली तरी चालेल, पण ही बाई खरं बोलत असेल तर? ते मान खाली घालून टिटवीकडे गेले.

"मंजुळे, तो आपला... नापास हिरा आण बाई."

टिटवीने हिरा कवचावर ठेवला, हिरवा उजेड टाकला. लाल चमक ठोक्याठोक्याला थरथरू लागली.

"जिते आहेत!" गोदाक्का रडू लागली.

आतून बारीक आवाज आला, "व्याख्यान संपलं का?"

साळोजी लाजेने लाल झाले, पण मनातून फार सुखावले. दुसऱ्या दिवशी ते टिटवीच्या दारात हजर.

"मंजुळे, मी हट्टी आहे, बडबड्या आहे, दुसऱ्याचं ऐकत नाही. माझ्यात दोषच दोष! मलाच त्या हिऱ्याच्या जागी बसव."

टिटवीला त्यांची दया आली. ती हळूच म्हणाली, "काका, दोष एखादाच पुरतो हो. भोवती हिरा लागतो."

तात्पर्य: आपले दोष कधीही लपवू नयेत, फक्त आधी हिरा व्हावं. ते न जमल्यास बोधकथा लिहाव्यात. त्याला कसलीच पात्रता लागत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.