गॅसवर बसून नगरला

"आजपासून पेट्रोलपंपाला आपला रामराम!" सुनीलने पाथर्डीच्या स्टँडवर जाहीर करून टाकलं. त्याच्या जुन्या व्हॅनला गॅसचं किट बसलं होतं. केडगावला जाऊन गॅसची टाकीही भरून आणली होती. निघताना फिटरने डॅशबोर्डवरचं एक बटण दाखवून काहीतरी बजावलं होतं. पण साहेब तेव्हा गाडीला टेकून फोटो काढण्यात गुंग!

आज सगळं या फेरीवर होतं. भीमाबाईंच्या बचत गटाला दर आठवड्याला कुरडया-खारवड्या घेऊन नगरला जायचं होतं. गाडी पसंत पडली, तर काम कायमचं सुनीलचं. म्हणजे यंदा ज्योतीला घेऊन ऊसतोडीला जायला नको! नवरा-बायकोने कोयते माळ्यावर टाकलेसुद्धा होते, जरा घाईनेच.

भीमाबाई गाडीच्या दारातच अडल्या. "सुनील, इतकी वर्सं गॅसवर भाकरी केली. पन गॅसवर बसून कुठं गेले न्हाई रं!"

"मावशी, भिऊ नका. साधासुधा गॅस न्हाई, प्रोपेन असतं ह्यात! धूर कमी, आवाज कमी. लोण्यावानी पळतीय बघा!"

भीमाबाई डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन पुढे बसल्या. मागे ज्योती आणि गटातल्या चौघीजणी. तिसगाव येईपर्यंत सुनीलचं तोंड बंद नव्हतं. "बघा की! पेट्रोलवर अशी पळायची का?" भीमाबाई मात्र प्रत्येक वळणाला नाक वर करून वास घेत होत्या.

करंजी घाटाच्या चढावर व्हॅनने दोन आचके दिले आणि मान टाकली!

सुनीलने बॉनेट उघडलं. त्यातलं त्याला काही कळत नव्हतं, पण एवढ्या बायका बघत असताना माणसाने कुठेतरी बघायलाच हवं. गॅसचे दिवे तर सगळे हिरवेगार होते! त्याला माळ्यावरचे कोयते दिसू लागले.

"गॅस तळाला गेला असंल," गटातली रुपाली म्हणाली. "घरी काय करतो आपन? सिलिंडर हलवतो!"

"अगं वैनी, टाकी भरल्याली—"

"तू गप! सैपाक तू करतो का आमी?" भीमाबाई आतूनच गरजल्या. गुडघ्यांमुळे त्या उतरल्या नव्हत्या.

हँडब्रेक लावलेल्या व्हॅनला दोन्ही बाजूंनी बायका भिडल्या. "हलवा!" व्हॅन पाळण्यासारखी डुलली. भीमाबाईंची पिशवी खट्‌कन डॅशबोर्डवर आपटली.

"मार किल्ली!" भीमाबाईंनी फर्मावलं. सुनीलने दारातूनच हात घालून किल्ली फिरवली.

दोनदा गुरगुरून इंजिन चालू! बायकांनी असा कल्ला केला की घाटातली माकडं पळाली.

सगळ्या पुन्हा आत चढल्या. सुनील गाडीत बसला आणि त्याची नजर बटणावर गेली. डब्यांच्या धक्क्याने ते 'पेट्रोल'वरून 'गॅस'वर सरकलं होतं. पेट्रोलचा काटा तळाला झोपला होता. फिटरने काय बजावलं होतं, ते त्याला आत्ता कळलं.

"गुनाची गाडी हाय," भीमाबाई म्हणाल्या. "दर आठवड्याला हीच! अडली तर हलवाया आमी हायच."

सुनीलला इतका आनंद झाला की खरं सांगायला उघडलेलं तोंड त्याने तसंच मिटलं. बटण मागून ज्योतीनेही पाहिलं होतं. ती त्याच्या कानाशी वाकली.

"अवो, मगाशी लोण्यावानी पळत हुतं, ते पेट्रोल व्हय?"

"हळू बोल," सुनील पुटपुटला, "कोयते माळ्यावरच ऱ्हाऊ दे."